डबीवरचं तिसरं नाव : पोट आणि त्वचेसाठी प्रोबायोटिक, इसबगोल, हळदीच्या कॅप्सूल वगैरे

खलबत्ता

दुकानात "पोट बिघडलंय, काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर तीनपैकी एक वस्तू येते. ५ मिलीची प्लास्टिकची बाटली, कॅप्सूलची पट्टी, नाहीतर पुडी. तिन्हींवर प्रोबायोटिक असंच छापलेलं, आतला जीव मात्र निराळा. बाटलीत बहुधा बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू, पुडीत बरेचदा सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचं यीस्ट, कॅप्सूलमध्ये चार-सहा जिवाणूंची मिसळ.

ज्वारी आण म्हणून पाठवलं तर नुसत्या 'ज्वारी'वर भागत नाही. भाकरीला मालदांडी, हुरड्याला गूळभेंडी. इथेही तसंच आहे. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' यातलं पहिलं नाव प्रजातीचं, दुसरं जातीचं, तिसरं वाणाचं. अभ्यास होतात ते वाणावर. जीजीने जे केलं ते दुसऱ्या कुठल्या ऱ्हॅम्नोससने करेलच असं नाही. डबीवर तिसरं नाव नसेल तर त्या मालाचा अभ्यास झालाय की नाही हे शोधायची सोयच नाही, आणि अशा डब्या बाजारात ढिगाने आहेत.

लेबल वाचताना अजून काही :

२०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस प्रजातीची फोड होऊन नवी नावं आली. ऱ्हॅम्नोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलस म्हणवतो. घाबरू नका, वाणाचं नाव तेच आहे. 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' हे मात्र मुळातच चुकीचं नाव, तो खरं तर बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. आपल्याकडच्या पट्ट्यांवर अजून दिसतं.

संख्या सीएफयूत असते, म्हणजे वसाहत करू शकणारे जिवंत जीव. १ बिलियन म्हणजे १०० कोटी. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या पदार्थाला दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जीव लागतात. ही तळाची रेषा झाली. मुलांच्या जुलाबात जीजी वापरून झालेल्या चाचण्यांत मात्रा होती साधारण १,००० कोटी रोज. आणि हा आकडा 'बनवताना' आहे की 'मुदत संपेपर्यंत' हे बघा. 'बनवताना' असेल तर मे महिन्यात कुरियरच्या टेम्पोत चार दिवस काढलेल्या डबीत काय उरलं असेल ते देव जाणे. बीजाणूंना उन्हाचं फारसं काही वाटत नाही, सुकवलेल्या लॅक्टोबॅसिलसांना वाटतं. त्याहून मोठा शत्रू ओल. कॅप्सूल पट्टीतून काढून आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवू नका.

कोकमसार

अँटिबायोटिकबरोबर डॉक्टर हमखास लिहून देतात. एकत्र घ्यायचं की वेगळं?

गुंजभर

जीव कोणता त्यावर. जिवाणू असेल तर अँटिबायोटिकच्या डोसनंतर किमान दोन तास. बोलार्डी हे यीस्ट, त्याला जिवाणूनाशकाने काही होत नाही, त्यामुळे वेळ पाळली नाही तरी चालतं. २५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, अँटिबायोटिकच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू करून कोर्स संपल्यावर आठवडाभर. चौथ्या दिवशी जुलाब लागल्यावर सुरू केलं तर प्रतिबंध कसला? पण त्याच वेळी फ्लुकोनाझोलसारखं बुरशीचं औषध चालू असेल तर बोलार्डीचे पैसे वाया, तेच औषध त्याला मारतं.

क्लॉसीची बाटली आधी हलवायची. तळाला दिसणारा धुरकट गाळ म्हणजेच बीजाणू, माल खराब झालेला नाही. तशीच प्यायची किंवा गार-कोमट दुधात, पाण्यात. उकळत्या चहात पुडी ढवळणारे लोक आहेत, त्यांना सांगा की यीस्ट तिथेच मेलं. आणि ही बाटली इंजेक्शनच्या अँप्यूलसारखी दिसते म्हणून सांगतो : ती फक्त तोंडाने घ्यायची असते.

आपल्याकडची एक खास गंमत म्हणजे एकाच गोळीत अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि लॅक्टोबॅसिलस. पोटात एकाच जागी, एकाच वेळी विरघळणार. मारणारा आणि मरणारा एका डब्यात बसवून गाडी सोडायची, असा प्रकार.

मोडीलिपी

लहान मुलांच्या जुलाबात प्रोबायोटिक द्यावं का? एकाचं म्हणणं द्या, दुसऱ्याचं काही उपयोग नाही.

गुंजभर

दोघांकडे कागद आहेत. जुन्या चाचण्यांत जुलाब सुमारे एका दिवसाने आटोपतात असं दिसलं होतं. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत जीजी, दुसरीत ऱ्हॅम्नोसस आणि हेल्व्हेटिकसची जोडी. दोन्हींत औषध नसलेल्या नकली पुडीपेक्षा फरक पडला नाही. २०२० मध्ये अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने त्या दोन देशांतल्या मुलांना देऊ नये असं सुचवलं. युरोपातले बालरोगतज्ज्ञ मोजक्या वाणांना अजून मुभा देतात.

पण हा वाद दुय्यम आहे. मूल वाचतं ओआरएसने. १ लिटरची पुडी १ लिटरमध्येच, अख्खी. पेलाभर पाण्यात पाव पुडी 'अंदाजे' टाकली की मीठ जास्त होतं, २०० मिलीची छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली की काहीच उरत नाही. दोन्ही चुका रोज होतात. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. तयार पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. जोडीला झिंक : ६ महिन्यांवरच्या मुलाला २० मिग्रॅ, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून लोक झिंक बंद करतात, तसं करू नये.

रातराणी४

वाचनखूण साठवली. घरच्या दह्याचं काय? मग विकतचं कशाला?

उकडा_तांदूळ

दही उत्तम, पण व्याख्येत बसवायचं तर ते प्रोबायोटिक नाही. विरजणातले जीव कोणते, किती, हे कुणी मोजलेलं नसतं आणि शेजारच्या घरचं विरजण वेगळं असतं. एक फायदा मात्र पक्का. जिवंत विरजणाचं दही असेल तर त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. दुधाने पोट फुगणाऱ्या बऱ्याच लोकांना दही-ताक चालतं ते त्यामुळे.

दूध उकळून ४०-४३ अंशांवर येऊ द्या, म्हणजे करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण, ६ ते ८ तास न हलवता. जास्त गरम दुधात विरजलं तर दही फाटल्यासारखं होऊन वर पाणी सुटतं. फार गार दुधात विरजलं तर दही लवकर लागत नाही, आंबट होण्याआधी भलतेच जीव शिरतात आणि तार सुटते. तार एकदा सुरू झाली की त्याच विरजणाने दुरुस्त होत नाही. नवं विरजण आणा, भांडं उकळत्या पाण्याने धुवा.

कढी केली की सगळे जीव गेले. इडली, आंबोळी, डोसा यांचं पीठ आंबवलेलं असलं तरी तव्यावरून किंवा वाफेतून जिवंत काही उतरत नाही. आंबवण्याने धान्यातलं लोह-झिंक अडवणारं फायटेट कमी होतं, पचायला सोपं जातं, ते फायदे वेगळे. कैरीचं फोडणीचं लोणचं तर त्या वाटेचंच नाही. मीठ, तेल, मोहरी आणि आंबटपणा मिळून त्यात जीव वाढूच नयेत अशी योजना असते. उत्तरेकडची गाजराची कांजी मात्र खरी जिवंत : १ लिटर पाणी, २० ते २५ ग्रॅम मीठ, ३०० ग्रॅम गाजर, दोन मोठे चमचे भरडलेली मोहरी, उन्हाळ्यात ३ दिवस, थंडीत ५-६. गाजर पाण्याखाली दाबून ठेवा. वर पांढरा सपाट पापुद्रा आला तर काढून टाका. केसाळ, हिरवं-काळं काही दिसलं तर सगळं फेका, वरचं काढून उरलेलं प्यायचं नाही. रक्तदाबवाल्यांनी त्या मिठाकडे बघूनच पेला भरावा.

कोकमसार

आयबीएससाठी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) काय? पोट दुखणं, फुगणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी घाईची.

उकडा_तांदूळ

आधी नक्की आयबीएसच आहे का ते बघा. शौचातून रक्त, वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, यातलं एक जरी असलं तरी हा धागा बंद करून डॉक्टर गाठा.

नसेल तर पहिली पसंती सत इसबगोल. कोंडा नव्हे. गव्हाच्या कोंड्याने आयबीएसवाल्यांचं पोट आणखी फुगतं, इसबगोलाचा विरघळणारा तंतू तसा त्रास देत नाही. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आपला चमचा मोजून घ्या, कारण सत हलकं असतं आणि चमच्यांचे अंदाज फार चुकतात. रोज ३-४ ग्रॅमपासून सुरुवात, दर आठवड्याला थोडं वाढवत ७ ते १० ग्रॅम. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेऊन "गॅस झाला, सोसत नाही" म्हणणारे निम्म्याहून जास्त असावेत. पेलाभर, म्हणजे २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. घट्ट होईपर्यंत ठेवलं तर गिळताना अडकतं. कोरडं तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणं तर धोक्याचं, अन्ननलिकेतच फुगून बसतं. गिळायला त्रास असलेल्यांनी घेऊच नये. बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब, थायरॉईडच्या गोळीपासून चार.

पोटात पीळ जास्त असेल तर पेपरमिंट तेलाची आतड्यात विरघळणारी कॅप्सूल, ०.२ मिलीच्या आसपास, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. चावायची नाही, अँटासिडबरोबर घ्यायची नाही. आवरण जठरातच विरघळलं की छातीत जळजळ ठरलेली.

प्रोबायोटिकबद्दल इथेही दोन पंथ. ब्रिटिश गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटना २०२१ मध्ये म्हणते, हवं तर १२ आठवड्यांपर्यंत करून बघा, फरक नसेल तर थांबवा. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचं त्याच वर्षीचं मत, नको. माझा कल ब्रिटिशांकडे, एका अटीवर : सुरू करतानाच कॅलेंडरवर थांबायची तारीख लिहायची. आणि त्या काळात दुसरं काही नवीन सुरू करायचं नाही. इसबगोल, प्रोबायोटिक, कांदा बंद, हे सगळं एकाच सोमवारी सुरू केलं तर गुण कशाचा आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

कांदा-लसणाचं निघालंच आहे तर : त्यातले पोट फुगवणारे फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या आणि त्याच तेलात फोडणी केली तर चव मिळते, त्रास बहुधा होत नाही. आमटीत शिजवून मग पाकळ्या वेचल्या तर उपयोग नाही, फ्रुक्टन पाण्यात उतरलेले असतात.

मोडीलिपी

सोनामुखीचं चूर्ण, कोरफडीचा रस? 'आतडी साफ' करणारे.

गुंजभर

सोनामुखी चार-आठ दिवसांना ठीक, वर्षानुवर्षं घेताना डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. बऱ्याच तयार चूर्णांत सोनामुखीबरोबर काळं मीठ भरपूर असतं, ते रक्तदाबाला मारक. कोरफडीच्या पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक जहाल रेचक आहे, पोटात पेटके आणतो, पोटॅशियम घालवतो. घरी गर काढायचा तर पान कापून उभं ठेवा, पिवळा द्राव निथळू द्या, मग साल काढून गर धुवून घ्या. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठीचं डिगॉक्सिन चालू असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

बिब्बा

त्वचेकडे वळू या का? प्रोबायोटिक घेऊन 'त्वचेचा आजार' बरा करू पाहणाऱ्या मंडळींत मोठा वाटा साध्या गजकर्णाचा असतो. गोल चट्टा, कडा उठावदार, मध्ये बरं झाल्यासारखं, जागा जांघ-कंबर, घरात आणखी एखादा खाजवणारा. यावर मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणतात, तिच्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे जहाल स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पंधरा दिवसांत चट्टा दुप्पट होतो आणि कडा इतक्या पुसट होतात की डॉक्टरही फसतात. खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की पाच-दहा मिनिटांत बुरशी कळते. बुरशीला आतड्यातल्या लॅक्टोबॅसिलसांचं काही देणंघेणं नाही.

लहानपणापासूनचा इसब असेल तर चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१८ चा आढावा बघा. ३९ चाचण्या, २,५९९ लोक. निष्कर्ष असा की आत्ता मिळणाऱ्या प्रोबायोटिकांनी खाज आणि झोपेच्या तक्रारीत फारसा फरक पडत नाही. ईव्हनिंग प्रिमरोझ तेलाचंही २०१३ मध्ये तसंच निघालं. वेगळा प्रश्न प्रतिबंधाचा. घरात अ‍ॅलर्जीचा जोरदार इतिहास असेल तर गरोदरपणी आणि बाळाच्या पहिल्या महिन्यांत विचार करावा असं जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये सुचवलं, पुरावा फार कच्चा आहे असं स्वतःच सांगून.

त्या डबीचे पैसे मॉइश्चरायझरवर घाला. लोक कमी लावतात, हीच मूळ अडचण. अंगभर कोरडेपणा असेल तर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ती लागतच नाहीये. कोमट पाणी, दहा मिनिटांत आंघोळ उरकायची, टॉवेल टिपायचा, तीन मिनिटांत थापायचं, केसांच्या दिशेने. खोबरेल तेल चालतं. मोहरीचं तेल नको, त्वचेची भिंत आणखी खचते. डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं असेल तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी ट्यूबची रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम, बोटं धरून दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते.

आता 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' या वाक्याबद्दल. माझ्या नावाचं बी नैसर्गिकच आहे, कातडीला लावून बघा.

बावची : कोडाच्या डागांवर तेल लावून उन्हात बसतात. तिच्यात सोरालेन असतं, उन्हाने पेटतं आणि भाजल्यासारखे फोड येतात. दवाखान्यात हेच तत्त्व वापरतात, पण किरणांची मात्रा मोजून. दुपारच्या उन्हाला मोजमाप कुठलं?

हळदीच्या कॅप्सूल : हळदीत कुर्क्युमिन साधारण ३ टक्के. दुधातल्या चमचाभर हळदीतून शंभरेक मिग्रॅ मिळतं, तेही फारसं शोषलं जात नाही. कॅप्सूलमध्ये ५०० मिग्रॅ अर्क आणि शोषण वाढवायला मिऱ्यांचं पायपरीन. यकृताला सूज आल्याच्या नोंदी या कॅप्सूलच्या आहेत, हळदीच्या दुधाच्या नाहीत. गुळवेलीबद्दल मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी कोविडकाळातले सहा रुग्ण २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवरून आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी लघवी गडद, डोळे पिवळे, पुरळ नसताना अंगभर खाज, यातलं काही दिसलं की सगळी चूर्णं-कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करायची. जाताना रिकाम्या डब्याही सोबत न्या. डॉक्टर 'औषधं कोणती' विचारतात तेव्हा काढे कुणी मोजत नाही.

खलबत्ता

मग पोट आणि त्वचेचा संबंध म्हणतात तो सगळा बाजारच का?

बिब्बा

नाही, खरे संबंध आहेत, फक्त ते डबीवर छापलेले नसतात. कोपर, गुडघे, कुल्ले, दोन्ही बाजूंना सारखे, बारीक पाणीदार फोड, भयंकर खाज, इसबाच्या औषधांना दाद नाही : गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस असू शकतो, सीलिअ‍ॅक या आतड्याच्या आजाराचाच त्वचेवरचा अवतार. पोटाची तक्रार असेलच असं नाही. टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीपूर्वी गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी खोटी 'नॉर्मल' येते. बायोप्सी फोडाच्या शेजारच्या चांगल्या त्वचेतून घेतात. डॅप्सोनच्या गोळीने खाज काही दिवसांत थांबते (आधी रक्तातलं जी६पीडी विकर तपासून), आजार मात्र गहू सोडल्यानेच आवरतो, त्याला महिने-वर्षं लागतात.

तसंच, दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब वस्त्यांत जुलाब आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या गळ्या-हातांवर काळे खरखरीत पट्टे, म्हणजे पेलाग्रा, दिसायचा. हैदराबादला डॉ. गोपालन यांनी त्यावर काम करून ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाशी संबंध जोडला होता. उपचार निकोटिनामाइड, स्वस्तातलं जीवनसत्त्व. दारू सुटत नसलेल्यांत आजही आढळतो.

उकडा_तांदूळ

गहू सोडणाऱ्यांसाठी जोड : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर तुमच्या ज्वारीत तो आलाच. सकाळी जातं धुऊन-झाडून पहिला घाणा मागूनही भरवसा नाही. घरघंटी असेल तर ती फक्त बिनगव्हाची ठेवा. डबीतला हिंग बघा, बांधणी हिंगात मैदा किंवा कणीक असते.

रातराणी४

केस-नखांसाठी बायोटिन १० मिग्रॅ चालू आहे. हेही नैसर्गिकच ना? :)

बिब्बा

रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम. १० मिग्रॅ म्हणजे तिच्या किमान अडीचशे पट. खरी कमतरता नसेल तर केसांना फायदा झाल्याचा पुरावा नाही. आणि रक्ततपासणीत घोळ होतो. बऱ्याच यंत्रांत बायोटिनवर बेतलेली रसायनं असतात, त्यामुळे टीएसएच खोटं कमी, टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे थायरॉईड वाढल्याचं चित्र. हृदयविकाराचं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं, ते जास्त गंभीर.

कोकमसार

प्रोबायोटिक कुणी अजिबात घेऊ नये?

गुंजभर

केमोथेरपी चालू असलेले, प्रतिकारशक्ती फार खालावलेले, आयसीयूतले, मोठ्या शिरेत नळी बसवलेले. बोलार्डीची पुडी नळीच्या रुग्णाच्या खोलीत उघडायचीसुद्धा नाही. बोटांवरून भुकटी नळीपर्यंत जाऊन यीस्ट रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नवजात विभागातल्या डॉक्टरांच्या निर्णयाशिवाय काहीही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये त्याबद्दल इशारा दिला आहे.

रातराणी४

@बिब्बा, टीएसएच उद्या सकाळी आहे आणि आज बायोटिन घेतलंय. आता?

बिब्बा

उद्याची तपासणी तीन दिवस पुढे ढकला, तोवर गोळी बंद. ढकलता येत नसेल तर रक्त घेणाऱ्याला सांगून फॉर्मवर 'बायोटिन १० मिग्रॅ, अमुक वाजता' असं लिहून घ्या आणि रिपोर्ट विचित्र आला तर त्यावरून औषध बदलू नका.

रातराणी४

ढकलली. धन्यवाद.